मोहंती-स्पिवाक वाचून नागपुरात काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कामठीकडच्या बिडी कामगार बायांवर लघुप्रबंध लिहितेय. सरांनी चंद्रा तळपदे मोहंती आणि गायत्री चक्रवर्ती स्पिवाक वाचायला सांगितलं. पाश्चात्य स्त्रीवादावरची त्यांची टीका साधारण कळली, पण तीन ठिकाणी अडते. या दोघी अमेरिकेत प्राध्यापक, मग त्या आपल्या कशा? घरी वाद झाला की भाऊ म्हणतो, बघ, स्त्रीवाद हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे हे तुमच्याच विदुषी सांगतात. त्याला काय उत्तर देऊ? आणि कामठीच्या बायांचा या सगळ्याशी संबंध काय?"

मी काही वर्षं कॉलेजात हा विषय शिकवला, आणि त्याहून जास्त काळ नागपुरातच कौटुंबिक समुपदेशनाचं काम केलं. त्यामुळे तुझा शेवटचा प्रश्न मला पहिला वाटतो. तिथूनच सुरू करते.

मोहंतींचा तो गाजलेला निबंध १९८४ चा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो: पाश्चात्य स्त्रीवाद्यांनी तिसऱ्या जगातल्या सगळ्या बायांना एकाच साच्यात घातलं, गरीब, अडाणी, परंपरेने बांधलेली, मार खाणारी, आणि त्या साच्यासमोर स्वतःला शिकलेली, मोकळी, स्वतःच्या शरीराची मालकीण म्हणून उभं केलं. हे खरंच आहे. पण निबंध एवढ्यावर थांबत नाही. त्यांचं खरं भांडण पद्धतीशी आहे. 'स्त्रिया' नावाचा एक गट आधीच तयार आहे, त्याचं दुःख आधीच ठरलेलं आहे, आता फक्त देशोदेशी जाऊन त्याचे पुरावे गोळा करायचे, या पद्धतीशी. बाई कुठल्या जातीची, कुठल्या वर्गाची, तिच्या गावात त्या वर्षी काय चाललं होतं, हे सगळं मग तपशिलात जातं. निष्कर्ष आधीच हातात असतो.

त्यांनी दिलेलं इराणचं उदाहरण नीट वाच. १९७९ च्या क्रांतीच्या वेळी शहाविरुद्ध मध्यमवर्गीय बायांनी कष्टकरी बहिणींच्या सोबतीने आपणहून बुरखा घेतला. पुढे इस्लामी राजवटीने तोच बुरखा सगळ्यांवर सक्तीचा केला. कापड तेच, अर्थ पार उलटा. किती बाया बुरखा घालतात हे मोजून दडपशाहीचं माप काढणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही.

ही पद्धतीची चूक काय असते ते आपल्या गावातच बघ. एका प्रकल्पासाठी बाहेरून छापून आलेला 'निर्णयक्षमते'चा फॉर्म आम्ही वस्त्यांमध्ये भरून घेत होतो. त्यात एक प्रश्न होता: घराबाहेर जाताना कुणाची परवानगी घ्यावी लागते का? उत्तर हो किंवा नाही. उत्तर नागपुरातली एक बाई, पहाटे अंधारात कॉटन मार्केटला जाऊन भाजी उचलायची, टोपली घेऊन गल्लोगल्ली विकायची. ती म्हणाली, "हो बाप्पा, सासूले सांगूनच जातो नं. लेकरं तिच्यापाशी ठेवून जातो." फॉर्ममध्ये 'हो' वर खूण झाली. म्हणजे ही बाई परावलंबी. त्याच आठवड्यात पश्चिम नागपुरातल्या एका बंगल्यात तोच प्रश्न विचारला. त्या बाईंनी हसून 'नाही' सांगितलं. गाडीची किल्ली त्यांच्याच हातात होती. पण बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड, माहेरून आलेला दागिना, सगळं नवऱ्याच्या कपाटात, आणि हे फॉर्ममध्ये कुठे विचारलेलंच नव्हतं. त्या सक्षम ठरल्या. भाजीवालीने सासूला सांगणं म्हणजे लेकरं सांभाळायची व्यवस्था होती, पण फॉर्मला ती परवानगीच दिसली.

फॉर्म तयार करणारे वाईट नव्हते, आणि मोहंतींनीही लेखकांच्या हेतूवर बोट ठेवलेलं नाही. त्या विचारतात तो प्रश्न हेतूच्या पुढचा आहे: तुमच्या प्रश्नात आधीच कुठल्या घरातली बाई गृहीत धरली आहे?

त्याच निबंधात मोहंतींनी एका पाश्चात्य लेखिकेचं कौतुकही केलंय, आणि तुझ्या कामासाठी तोच भाग सगळ्यात मोलाचा आहे. बरेच विद्यार्थी तिथवर पोहोचतच नाहीत. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांचा अभ्यास केला, पुस्तक १९८२ मध्ये आलं. ज्या प्रकाशनाच्या मालिकेवर मोहंतींची टीका आहे, हे पुस्तक त्याच मालिकेतलं. मीस यांनी दाखवलं की लेस परदेशी बाजारात जाते, व्यापारी आणि निर्यातदार पैसा करतात, आणि विणणारी बाई मात्र 'घरात बसणारी' म्हणवली जाते. ती दिवसभर सुई चालवते, तरी ते काम नाही, फावल्या वेळातला छंद. एकदा ती 'गृहिणी' ठरली की तिला मजुराची मजुरी द्यायची गरज उरत नाही. त्यात जातीचाही पीळ आहे: शेतात राबणाऱ्या बायांपेक्षा आपण वरच्या, आपण घरात बसतो, हा मान विणकाम करणाऱ्यांना वाटतो, आणि तोच मान त्यांना स्वस्तात राबवतो. लेखिका युरोपातली आहे, पण तिने 'भारतीय स्त्री' नावाचा पुतळा उभा केला नाही. एका गावातला एक धंदा, त्यातली माणसं आणि पैसा कुठून कुठे जातो, एवढंच धरून ठेवलं. मोहंतींना हेच हवं आहे. टीका लिहिणाराच्या पासपोर्टवर नाही.

आता नरसापूरच्या जागी कामठी ठेव. तेंदूपान आणि तंबाखू मोजून घरी येते, वळलेल्या बिड्या मोजून परत जातात, आणि घेणारा त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. त्या बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे बाईला मिळत नाहीत. त्या पुढे कुठे जातात ते मात्र विचारायचंच. शेजारीण म्हणते, "घरीच तर बसली राह्यते, सूप मांडीवर घेऊन." हे वाक्य लघुप्रबंधात जसंच्या तसं यायला हवं. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. कायद्याने मानलं आणि गल्ली मानत नाही, या फटीत तुझा अख्खा विषय आहे.

भावाच्या प्रश्नाकडे येते. तो हुशार दिसतो, कारण असाच डाव मोठमोठ्या माणसांनी टाकलेला आहे. पण आधी पाश्चात्त्यांचं माप पदरात टाकू, म्हणजे आपण त्यांची वकिली करतोय असं त्याला वाटणार नाही.

कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचं 'मदर इंडिया' १९२७ मध्ये आलं. बालविवाह, बाळंतपणं, घाण, सगळ्याची रसभरित वर्णनं, आणि त्यातून निघणारा अर्थ असा की हे लोक स्वराज्याला लायक नाहीत. गांधीजींनी त्याला गटार-तपासनिसाचा अहवाल म्हटलं. ब्रिटनमध्ये एलिनोर रॅथबोन या स्त्रीहक्क कार्यकर्त्या बाईंनी भारतीय स्त्रियांच्या प्रश्नावर स्वतः पुढाकार घ्यायचं ठरवलं, तेव्हा १९२९ मध्ये लंडनमधल्याच सभेत धन्वंती रामा राव आणि इतर भारतीय बायांनी उठून हरकत घेतली. प्रश्न आमचा, काम आम्ही करतोय, तुम्ही कशाला आमच्या वतीने बोलता? आणि गंमत बघ, पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, मेरी डेली या अमेरिकेतल्या जहाल स्त्रीवादी लेखिकेने सतीवर प्रकरण लिहिलं तेव्हा त्याच मेयोबाईंचा आधार कौतुकाने घेतला. साम्राज्याची तळी उचलणारं पुस्तक स्त्रीवादाच्या कपाटात जाऊन बसलं. डेलींच्या याच पुस्तकावर १९७९ मध्ये ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय कवयित्रीने खुलं पत्र लिहिलं: तुमच्या पुस्तकात आमच्या बाया येतात त्या फक्त बळी म्हणून का येतात? म्हणजे ही तक्रार नुसती 'पूर्व विरुद्ध पश्चिम' अशी नाही. अमेरिकेच्या आतूनही ती आली आहे.

आणखी एक नमुना मला फार आवडतो, कारण त्यात ढोंग अगदी उघडं पडतं. इजिप्तवर राज्य करणारा लॉर्ड क्रोमर तिथल्या बायांचा बुरखा उतरवायला हवा असं हिरिरीने सांगायचा. तोच क्रोमर इंग्लंडला परतल्यावर बायांना मताधिकार मिळू नये म्हणून स्थापन झालेल्या पुरुषांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. परक्या बायांची मुक्ती हवी, घरच्या बायांची नको. २००१ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकले तेव्हा अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नीने रेडिओवर अफगाण बायांच्या सुटकेचा दाखला दिला. स्पिवाक यांचं "गोरे पुरुष सावळ्या बायांना सावळ्या पुरुषांपासून वाचवताहेत" हे १९८८ मध्ये लिहिलेलं वाक्य यामुळेच जगभर गेलं.

पण स्पिवाक यांनी त्या वाक्याची दुसरी बाजूही लगेच मांडली, आणि तुझ्या भावाचं उत्तर त्यात आहे. सतीबंदीच्या वादात इंग्रज म्हणायचे, आम्ही तिला वाचवतो. इथले सनातनी म्हणायचे, तिलाच मरायचं होतं. दोन्ही वाक्यं तिच्याविषयी, आणि तिचं एकही नाही. इतिहासकार लता मणी यांनी तर १८२९ च्या बंदीपर्यंतची कागदपत्रं चाळून दाखवलं की त्या वादात बाई हा विषयही नव्हती. ती फक्त जमीन होती, जिच्यावर उभं राहून परंपरा म्हणजे काय याची कुस्ती चालली होती. तुझ्या भावाने मोहंती-स्पिवाकचं अर्धं वाक्य उचललंय. उरलेलं अर्धं त्याच्यासाठीच लिहिलेलं आहे.

हे हवेतलं वाटत असेल तर तुला आमच्या रोजच्या कामातलं एक कलम दाखवते. मला या विषयात सगळ्यात जास्त काही शिकवलं असेल तर या कलमाने.

बाई मारहाणीला कंटाळून माहेरी येते. पोटगीचा अर्ज टाकते. काही दिवसांत नवऱ्याकडून नोटीस येते: हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. सोप्या भाषेत, बायकोने नांदायला यावं असा दावा. नवऱ्याला ती खरोखर हवी असते असं फार थोड्या वेळा दिसतं. हेतू पोटगी टाळण्याचा: मी तर न्यायला तयार आहे, तीच येत नाही. कोर्टाच्या आवारात सासरची मंडळी आमच्यासमोर आपल्या संस्कृतीवर प्रवचन देतात. बाईची जागा नवऱ्याच्या घरी, हे पाश्चात्य थेर आमच्यात चालत नाहीत, वगैरे. बाई खाली मान घालून ऐकते, तिची आई पदराने डोळे पुसते, आणि कागदावर कलम ९.

हे कलम आलं कुठून? इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांमधून. आपल्या धर्मशास्त्रात कोर्टात जाऊन बायकोला नांदायला लावण्याचा असा दावा नव्हता. रखमाबाईंच्या खटल्यात हेच निघालं. लहानपणी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला नकार दिला, १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळताना स्पष्ट सांगितलं की हा इंग्रजी कायद्याचा प्रकार आहे, हिंदू कायद्यात याला आधार नाही. यावर कोण भडकलं? धर्म बुडाला म्हणून ओरडणारे आपलेच लोक. टिळकांचा 'केसरी' त्यात आघाडीवर. पुढे अपील झालं, १८८७ मध्ये निकाल उलटला: नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या.

म्हणजे आपली परंपरा म्हणून जिच्यासाठी एवढं रान उठलं, ती इंग्रजांच्या चर्चची देणगी होती. इंग्लंडने स्वतः हा दावा १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आपण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो घेतला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, तर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवलं. आजही नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात ते चालतं. एवढं मात्र झालं की जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याच्या बाजूने नांदण्याचा हुकूम झाला एवढ्यावरून बायकोची पोटगी आपोआप बंद होत नाही. हा निकाल आमच्याकडच्या बायांच्या फार उपयोगाचा आहे. ज्यांना लागेल त्यांनी वकिलाला जरूर सांगावा.

मोहंती-स्पिवाकांच्या या विचाराला, म्हणजे वसाहतवादाचा वारसा तपासणाऱ्या स्त्रीवादाला, उत्तर-वसाहतवादी स्त्रीवाद म्हणतात. त्याची खरी धार मला इथे दिसते. वसाहतवादाने फक्त आपल्याला मागास म्हटलं एवढंच नाही झालं. कोणती गोष्ट 'आपली परंपरा' म्हणून कायद्यात गोठवायची हेही त्याच काळात, साहेब आणि इथले वरच्या जातीचे पुरुष यांच्यात बसून ठरलं. घरोघरच्या, जातीजातीच्या वेगळ्या रीती होत्या. कितीतरी जातींत काडीमोड होती, पाट लागायचा. ते सगळं हलकं ठरलं. म्हणून 'पाश्चात्य की आपलं' हा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी उलट विचारते: आपलं म्हणजे कुणाचं, आणि कधीपासूनचं?

स्त्रीवाद बाहेरून आला म्हणणाऱ्याला बुलढाण्याचा पत्ता द्यावा. ताराबाई शिंदे तिथल्याच. आपल्या वऱ्हाडातल्या या सत्यशोधक घरच्या बाईने १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचं. त्यावरून वर्तमानपत्रांत बायांच्या चालीवर जी चिखलफेक चालली होती, तिला हे उत्तर. देवांपासून शास्त्रकारांपर्यंत कुणाला सोडलं नाही. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर थेट आपल्या विषयातलंच. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली, हिंदुस्थानात परतल्यावर लोक काय म्हणतील या काळजीने! रमाबाईंनी त्यांच्या धर्मभगिनींना कळवलं की मोठ्या कष्टाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवली, आता तसंच दुसरं जोखड घेणार नाही. या पत्राला शंभर वर्षं होत आली तेव्हा मोहंतींचा निबंध छापला गेला.

भाऊ आणखी ताणायला लागला तर त्याला १९८७ मधलं राजस्थानातल्या देवराळ्याचं सतीप्रकरण आठवून दे. रूपकंवर जळाली, आणि तिच्यासाठी न्याय मागणाऱ्या बायांना परक्या, मुळापासून तुटलेल्या म्हणणारे इथलेच होते. उमा नारायण या मुंबईत वाढलेल्या तत्त्वज्ञ बाईंनी १९९७ च्या पुस्तकात दोन्हीकडच्यांना पकडलंय. अमेरिकेत नवऱ्याने बायकोला गोळी घातली तर ती घरगुती हिंसा. भारतात जाळलं तर ती 'संस्कृती'. तिथल्या खुनामागे कुणी बायबल शोधत नाही, इथल्या खुनामागे लगेच मनुस्मृती. आणि त्याच नारायण हेही बजावतात की मी माझ्या आईचं दुःख बघून स्त्रीवादी झाले, कुठल्या परदेशी पुस्तकाने नाही.

आता मला या सिद्धांताशीच थोडं भांडायचं आहे. नागपुरात बसून ते केल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन आपल्या नागपुरात भरलं. शिकलेल्या, देशभक्त, सुधारक बायांची परिषद. इंग्रज बायांच्या वडीलकीला उत्तर देणाऱ्या बायांचीच ही संघटना. त्या अधिवेशनात जाईबाई चौधरींना जेवणाच्या वेळी वेगळं बसवलं गेलं. जाईबाई कोण? उमरेडकडच्या महार घरातली मुलगी, नागपूर स्टेशनवर हमाली केलेली, एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षिका झालेली. मुलांना 'अस्पृश्य' बाई शिकवते कळल्यावर वरच्या जातींनी मुलं काढून घेतली आणि ती नोकरी गेली, तेव्हा १९२२ मध्ये स्वतः चोखामेळा कन्याशाळा काढलेली. या अपमानाचा निषेध करायला १ जानेवारी १९३८ ला दलित बायांनी सभा घेतली.

मोहंती लंडन-न्यूयॉर्कला जो प्रश्न विचारतात, तो इथे नागपुरात, पंगतीत विचारला गेला होता: तुमच्या 'आम्ही स्त्रिया'त आम्ही आहोत का? आणि विचारला होता भारतीय बायांनी भारतीय बायांना. पुढे २० जुलै १९४२ ला दलित वर्गाची महिला परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात झाली. बाबासाहेब बोलले, समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे ते भाषण. हजारो बाया आल्या होत्या. ठराव बघ: घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणी आणि बिडी कामगार बायांना रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन, बायांवर देखरेखीला बाईच. बिडी कामगार, लक्षात आलं का? तुझा विषय १९४२ च्या ठरावात आहे. हे सगळं उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ च्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये नोंदवलंय, मराठीत, बाया शोधून, त्यांच्याशी बोलून. तुझ्या संदर्भांमध्ये स्पिवाक असतील आणि हे नसेल तर मी परीक्षक म्हणून गुण कापेन.

तक्रार अशी आहे की उत्तर-वसाहतवादी सिद्धांताची नजर साहेबाकडे इतकी लागलेली असते की शेजारच्या घराकडे पाठ होते. सतीवर किती लिहिलं गेलं! पण सती हा मुख्यतः वरच्या जातींचा प्रकार. शेतात, गिरणीत, स्टेशनवर राबणाऱ्या बाईची गुलामी वेगळ्या जातीची होती, आणि तिच्यावर जुलूम करणाऱ्यांत साहेब फार लांबचा. 'वसाहतीतली स्त्री' म्हणताना पुन्हा एकच बाई उभी राहिली, या खेपेला ती बंगाली भद्रलोकांतली किंवा सदाशिव पेठेतली. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये लिहिलं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात: बाहेर सवर्णांचं वर्चस्व, घरात दलित पुरुषांचं, आणि दोन्हींबद्दल बोलायचा हक्क त्यांचा. १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी त्यावर पुढची अट घातली. त्या नुसतं 'वेगळेपण' मान्य करून हात झटकू देत नाहीत. सवर्ण स्त्रीवाद्यांनी दलित स्त्रियांच्या जागेवरून स्वतःचा विचार नव्याने बांधावा, म्हणजे जात हा फक्त दलित बायांचा प्रश्न राहणार नाही. मोहंतींच्या निबंधापेक्षा मला रेगेंचा हा लेख जास्त अवघड वाटतो, कारण तो माझ्याकडून काहीतरी मागतो.

हे फक्त चर्चासत्रापुरतं नाही. खैरलांजी आपल्यापासून किती लांब? २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा, आई, मुलगी आणि दोन मुलांचा, खून झाला. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेवर आणली. दोन्ही ठिकाणी ॲट्रॉसिटी कायदा टिकला नाही, आणि आई-मुलीवरच्या अत्याचाराचाही आरोप टिकला नाही. खून राहिला, जात आणि बाई दोन्ही कागदावरून गेल्या. 'स्त्री' म्हणून वेगळं आणि 'दलित' म्हणून वेगळं बघणाऱ्याला हे प्रकरण नीट दिसणारच नाही. मथुरा नावाच्या मुलीच्या प्रकरणात आपली चळवळ या परीक्षेला अर्धीच उतरली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातला तो अत्याचार. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं, १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. यातलं काहीही पश्चिमेकडून आणलेलं नव्हतं. पण ती आदिवासी मजूर मुलगी होती, हे घोषणांमध्ये फारसं उरलं नाही.

अमेरिकेत बसण्याचा आक्षेप मी पटकन संपवते. आक्षेप खोटा नाही. हे लेखन तिथल्या विद्यापीठांच्या भाषेत आहे, आणि स्पिवाक तर मुद्दाम दमछाक करतात. पण मोहंतींनी २००३ मध्ये स्वतःच्या निबंधाकडे परत वळून सांगितलं की मला एकजूट नकोच आहे असा अर्थ काढू नका. आता जागतिक भांडवल कुणाच्या अंगावर चालतंय ते बघा. मुंबईत जन्मलेल्या बाईने हे न्यूयॉर्कमधून लिहिलं म्हणून कामठीत ते लागू होत नाही असं नाही. शिवाय नागपूरच्या विद्यापीठात बसून कामठीच्या बायांवर लिहिणारी तूही त्यांच्या मानाने बऱ्यापैकी अमेरिकेतच आहेस.

म्हणून कामठीत गेल्यावर 'तुमच्यावर अन्याय होतो का' असं विचारू नकोस. हिशेब विचार. हजार बिड्यांना हातात किती पडतात, किती बाजूला काढल्या जातात, कोण काढतं, तो कुठल्या समाजाचा आहे. पान ओलवायचं, कापायचं, त्या वेळी घरातलं कोण मदतीला असतं. शाळेत जाणारी मुलगी असते का. कुठल्या मोहल्ल्यातल्या बाया कारखान्यात जातात आणि कुठल्या जात नाहीत, आणि न जाण्याचं कारण त्या स्वतः काय सांगतात; 'धर्मामुळे' हे उत्तर तू त्यांच्या तोंडी घालू नकोस. आणि ओळखपत्र बघायला माग. मजुरी बाईची असताना कार्ड नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर निघालं, तर पहिल्या प्रकरणाची सुरुवात तिथून कर. मोहंती दुसऱ्या प्रकरणात आल्या तरी चालेल.